‘हॅड लेन’ की ‘हॅड लेड’? लाय, ले आणि पूर्ण भूतकाळाचा गुंता

अर्धविराम

नमस्कार मंडळी. एका इंग्रजी कथेत वाक्य आलं: ‘द लेटर हॅड लेन इन द ड्रॉवर फॉर इयर्स.’ हे लेन म्हणजे गल्ली नव्हे, स्पेलिंग एल-ए-आय-एन. पत्र कित्येक वर्षं खणात पडून होतं, इतकं संदर्भावरून लागलं. शब्दकोश म्हणतो हे ‘लाय’चं तिसरं रूप. मग शाळेत पाठ केलेलं ‘लाइड’ कुठे गेलं? ‘हॅड लेड’ असंही बऱ्याचदा वाचलंय, ते याच क्रियापदाचं का? आणि मुळात इथे ‘हॅड’ कशाला? ‘द लेटर ले इन द ड्रॉवर’ म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खडूफळा

ही तीन वेगळी क्रियापदं आहेत आणि तिघांनी एकमेकांचे कपडे घातलेत, म्हणून ओळखू येत नाहीत.

लाय–ले–लेन: आडवं होणं, पहुडणं, पडून असणं. याला कर्म नाही. जो पडतो तोच कर्ता.

ले–लेड–लेड: ठेवणं, अंथरणं, आडवं करणं. कोंबडी अंडी घालते, गवंडी विटा रचतो, ते हेच. याला कर्म लागतंच.

लाय–लाइड–लाइड: खोटं बोलणं. बाकी दोघांशी याचं काही नातं नाही, फक्त पहिल्याशी स्पेलिंग आणि उच्चार जुळतो.

गोची कुठे ते बघा. ‘ले’ हे दुसऱ्या क्रियापदाचं वर्तमानरूप आणि तेच पहिल्याचं भूतरूप. ‘आय ले द बुक ऑन द टेबल’ म्हणजे मी पुस्तक ठेवतो, रोजची गोष्ट. ‘द बुक ले ऑन द टेबल’ म्हणजे पुस्तक टेबलावर पडलेलं होतं, कालची गोष्ट. सुटा शब्द दाखवला तर कुणीच सांगू शकणार नाही की कोणता ‘ले’.

‘हॅड’ आलं की मात्र फाटे स्पष्ट होतात, कारण ‘हॅड’च्या पुढे फक्त तिसरं रूप बसतं. ‘ही हॅड लेन देअर’ म्हणजे तो तिथे पडून होता. ‘ही हॅड लेड इट देअर’ म्हणजे त्याने ते तिथे ठेवलं होतं. ‘ही हॅड लाइड देअर’ म्हणजे तिथे तो खोटं बोलला होता. ‘हॅड ले’ असं काही नसतंच. आणि ‘लेड’चं स्पेलिंग एल-ए-आय-डी, ‘प्ले’चं ‘प्लेड’ होतं त्या चालीवर वाय-ई-डी लावलेलं बऱ्याच ठिकाणी दिसतं, ते चूक.

सावळी

सर, सोपी खूण सांगा ना काहीतरी. परीक्षेत इतका विचार करायला वेळ नसतो.

खडूफळा

वाक्याला ‘काय?’ विचारायचं. काय ठेवलं होतं? उत्तर मिळालं तर ‘लेड’. प्रश्नच बसत नसेल तर ‘लेन’. ‘शी हॅड … द बेबी इन द क्रिब’: काय ठेवलं, बाळ, म्हणून लेड. ‘द बेबी हॅड … इन द क्रिब’: इथे ‘काय’ला जागाच नाही, म्हणून लेन.

प्रूफवाला

यात एक खाच आहे, ती सांगून ठेवतो. कर्मणि प्रयोग. ‘द बुक हॅड बीन लेड ऑन द टेबल’ हे बरोबर. इथे कर्म दिसत नाही, कारण तेच कर्त्याच्या जागी जाऊन बसलंय. पुस्तक कुणीतरी ठेवलं होतं, कुणी ते सांगितलेलं नाही. सावळीताई, तुम्ही घाईघाईने ‘काय?’ विचाराल, उत्तर मिळणार नाही आणि ‘हॅड बीन लेन’ लिहून मोकळ्या व्हाल. अकर्मक क्रियापदाला कर्मणि होत नाही, त्यामुळे ‘बीन’ दिसलं की पुढे लेड. माझ्याकडे येणाऱ्या मजकुरात ‘हॅड बीन लेन’ नेहमी सापडतं, आणि लिहिणारे बरेचदा चांगले शिकलेले असतात. ‘लेड’ गावठी आणि ‘लेन’ भारदस्त, असा काहीतरी समज असावा.

भूस्तर

प्रूफवाले, तुमच्या नियमाला आमच्या शास्त्रात अपवाद आहे बरं का. भूगर्भशास्त्रात ‘द प्लेटो इज अंडरलेन बाय बेसॉल्ट’ हे रोजचं वाक्य. म्हणजे पठाराच्या खाली बेसॉल्ट आहे. कर्मणि आहे, ‘बाय’ आहे आणि तरी लेन. ‘द सँडस्टोन हॅड बीन ओव्हरलेन बाय क्ले’ हेही लिहितात. आम्ही चूक लिहितो की काय?

प्रूफवाला

बिलकुल नाही. ‘अंडरलाय’ हे ‘लाय’ला उपसर्ग लागून झालंय, पण उपसर्गाने ते सकर्मक केलं: बेसॉल्ट पठाराच्या खाली असतो, म्हणजे पठार हे कर्म आलं. कर्म आलं की कर्मणि आलं. रूपं मात्र बापाचीच राहिली, अंडरलाय–अंडरले–अंडरलेन. मी वर म्हणालो ते नुसत्या ‘लाय’बद्दल. हा मुद्दा धाग्यात यायलाच हवा होता, धन्यवाद.

या कुळातले बाकीचे शब्दही याच वळणाने जातात. ‘मिसले’ म्हणजे कुठेतरी ठेवून विसरणं, ते ‘ले’च्या घरचं, म्हणून ‘आय हॅड मिसलेड माय कीज’. ‘वेले’ म्हणजे वाटेत गाठणं, तिथेही ‘हॅड वेलेड’. ‘बिलाय’ हे मात्र खोटं बोलणाऱ्या ‘लाय’चं, म्हणून ‘हॅड बिलाइड’: हसरा चेहरा मनातली भीती लपवत होता, त्या अर्थाचं.

भटक्या_वाचक

लोकहो, एवढं डोकं कशाला शिणवायचं? ‘लेन’ मेल्यात जमा आहे. अमेरिकी माणसांना बोलताना ऐका, सर्रास ‘आय हॅड लेड देअर फॉर अवर्स’ म्हणतात. वर्तमानकाळातसुद्धा ‘गो ले डाऊन’. शेकडो वर्षं हेच चाललंय. भाषा वापरणाऱ्यांची असते, व्याकरणवाल्यांची नाही.

प्रूफवाला

शेकडो वर्षांचं म्हणणं खरंच आहे. अकर्मक ‘ले’ मध्ययुगीन इंग्रजीपासून सापडतं, त्याला चूक म्हणायला सुरुवात झाली ती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. लॉर्ड बायरननेही १८१८ च्या एका कवितेत समुद्राने किनाऱ्यावर आपटलेल्या माणसाबद्दल ‘देअर लेट हिम ले’ लिहिलं. ‘लाय’ हवं होतं, पण यमक ‘बे’शी जुळवायचं होतं. त्यावरून लोक अजून त्याला टोचतात.

तरीही बोलणं आणि छापणं यांत फरक आहे. बोलण्यातल्या ‘हॅड लेड’ला कुणी अडवणार नाही. लेख, अर्ज, परीक्षा, भाषांतर यांत मात्र ‘हॅड लेन’ अजून पूर्ण जिवंत आहे आणि तिथे ‘हॅड लेड’ खटकतं. अर्धविराम यांच्या कथेतल्या लेखकाने ते उगाच नाही वापरलं.

भटक्या_वाचक

उगाच नाही, भाव खायला वापरलं. साधं ‘हॅड बीन लाइंग’ म्हणता आलं असतं.

मूळधातू

भटक्या, तुम्हीच छान धागा हातात दिलात. ‘ही हॅड बीन लाइंग फॉर इयर्स’ या वाक्याचा अर्थ सांगा बघू. तो वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळून होता की वर्षानुवर्षं थापा मारत होता? -इंग लावलं की दोन्ही ‘लाय’ एक होतात. ‘हॅड लेन’ आणि ‘हॅड लाइड’ मात्र कधीच एक होत नाहीत. जी जागा संदिग्ध होऊ शकते तिथे हे तथाकथित मेलेलं रूप कामाला येतं. पत्र खोटं बोलत नाही, तेव्हा कथेतल्या त्या वाक्यात दोन्ही चालली असती हे मान्य. पण माणसाबद्दल लिहिताना जपून.

आता आलोच आहे तर हे जुळं कुठून आलं ते सांगतो, कारण मराठी माणसाला हे इंग्रजी माणसापेक्षा लवकर कळायला हवं. आपल्याकडे पडणे–पाडणे, मरणे–मारणे, गळणे–गाळणे, टळणे–टाळणे अशा जोड्या आहेत. पहिलं आपोआप होतं, दुसरं कुणीतरी करवतं, आणि फरक फक्त स्वराचा. संस्कृतात पतति–पातयति. जुन्या इंग्रजीतही अगदी हीच सोय होती. पडून असणं म्हणजे ‘लिज्जन’, पाडून किंवा आडवं करून ठेवणं म्हणजे ‘लेज्जन’. (उच्चार अंदाजे देतोय, देवनागरीत नेमके बसत नाहीत.) दुसऱ्यात पूर्वी ‘ज’ म्हणजे आपल्या ‘य’सारखा प्रत्यय होता. त्याने आधीच्या ‘अ’ला आपल्याकडे ओढून त्याचा ‘ए’ केला आणि स्वतः जवळजवळ विरून गेला. मागे राहिला तो स्वराचा फरक.

अशा जोड्या इंग्रजीत अजून शिल्लक आहेत, फक्त त्या जोड्या आहेत हे लोक विसरले. सिट–सेट म्हणजे बसणे–बसवणे. फॉल–फेल म्हणजे पडणे–पाडणे. ‘टू फेल अ ट्री’ म्हणजे झाड पाडणं. गंमत म्हणजे ‘फेल’ हे ‘फॉल’चं भूतरूपही आहे, म्हणजे ‘ले’सारखाच दुहेरी कारभार. आणि माझी सगळ्यात आवडती जोडी ड्रिंक–ड्रेंच: आज ड्रेंच म्हणजे चिंब भिजवणं, पण मूळ अर्थ पाजणं. जनावरांना नळीने औषध पाजण्याला इंग्रजीत अजूनही ड्रेंच म्हणतात. पिणे–पाजणे!

करवणारी क्रियापदं इंग्रजीत बहुतेक नियमित चालीची झाली, शेवटी ड किंवा त लागणारी: लेड, फेल्ड, ड्रेंच्ड. आपोआप होणारी जुन्या स्वरबदलाच्या चालीवर राहिली: लेन, फॉलन, ड्रंक. म्हणून ‘न’ शेवटी असलेलं ‘लेन’ हे स्वतः पडण्याचं रूप आणि ‘ड’ शेवटी असलेलं ‘लेड’ हे ठेवण्याचं. मला ही खूण कर्म शोधण्यापेक्षा जास्त लक्षात राहते.

जर्मन शिकणाऱ्यांना तर हे घरचंच: लीगन आणि लेगन. खोटं बोलणारं ल्यूगन तिथे स्वरानेही वेगळं राहिलं, इंग्रजीत ते घसरत घसरत ‘लाय’पाशी येऊन आदळलं.

सावळी

वा! पिणे–पाजणे कधीच विसरणार नाही आता.

अर्धविराम

मूळधातू, अफाट प्रतिसाद. पण माझा ‘हॅड’चा प्रश्न तसाच लोंबकळतोय. ‘पडून होतं’मध्ये ‘होतं’ आहे म्हणून ‘हॅड’, असं समजायचं का?

खडूफळा

नाही! नेमकं तेच समजायचं नाही. मराठीभाषकांच्या इंग्रजीत जिथे तिथे ‘हॅड’ घुसतं ते याच वाटेने.

मराठीत ‘मी काल आलो होतो’ हे एकटं वाक्य ठणठणीत आहे. ‘आलो होतो’मधून आपण सांगतो की आलो आणि परत गेलो, ती गोष्ट संपली. ‘तो आला’ म्हटलं तर तो अजून इथे असू शकतो. ‘तो आला होता’ म्हटलं की गेला. हे काम इंग्रजी ‘हॅड’ करत नाही. इंग्रजीत ‘आय केम यस्टर्डे’. ‘आय हॅड कम यस्टर्डे’ म्हटलंत तर ऐकणारा पुढच्या वाक्याची वाट बघत बसतो: कशाच्या आधी आला होतात? तसंच ‘मी तुला सांगितलं होतं!’ हे भांडणातलं वाक्य. इंग्रजीत नुसतं ‘आय टोल्ड यू!’

‘हॅड’ला भूतकाळातला दुसरा एक क्षण लागतो, ज्याच्यावर उभं राहून आपण आणखी मागे बघतो. तो क्षण त्याच वाक्यात असेल, आधीच्या परिच्छेदात असेल, पण हवा. कथेतल्या तुमच्या वाक्याच्या आधी किंवा नंतर कुणीतरी तो खण उघडलेला असणार. तो उघडण्याचा क्षण साध्या भूतकाळात, आणि तिथपर्यंतची वर्षं ‘हॅड लेन’मध्ये. ‘द लेटर ले इन द ड्रॉवर’ म्हटलं असतं तर व्याकरण चुकलं नसतं, पण खण उघडला त्या क्षणी पत्र तिथे होतं, एवढंच कळलं असतं. ‘फॉर इयर्स’ आलं की त्या क्षणापर्यंतचा कालावधी मोजला जातो, आणि तो मोजायला ‘हॅड’.

अर्धविराम

बरोबर! आधीच्याच ओळीत नायिका खण उघडते.

भटक्या_वाचक

मग पुस्तकातलं ते ‘डॉक्टर येण्यापूर्वी रुग्ण दगावला होता’? पिढ्यान् पिढ्या त्या रुग्णाला मारून आपण ‘हॅड’ शिकलो.

खडूफळा

तो बिचारा रुग्ण ‘बिफोर’ असताना ‘हॅड’शिवायही दगावू शकतो. ‘द पेशंट डाइड बिफोर द डॉक्टर केम’ निर्दोष आहे, कारण आधी-नंतरचा क्रम ‘बिफोर’नेच सांगून टाकला. ‘हॅड’ लावलं तर चूक नाही, पण गरजही नाही. खरी गरज ‘व्हेन’बरोबर पडते. ‘व्हेन द डॉक्टर केम, द पेशंट डाइड’ म्हटलं तर डॉक्टर आल्यामुळेच दगावला असा वास येतो. तिथे ‘हॅड डाइड’ लिहून डॉक्टरांची अब्रू वाचवायची.

सावळी

😂 आणि ‘इफ’वाल्या वाक्यात? तिथे तर मराठीत ‘होतं’ नसतंच.

प्रूफवाला

बरोबर पकडलंत. ‘मला माहीत असतं तर आलो असतो’: मराठीत दोन्हीकडे ‘असतं’, इंग्रजीत एका बाजूला ‘इफ आय हॅड नोन’ आणि दुसऱ्या बाजूला ‘आय वुड हॅव कम’. मराठीच्या चालीने लोक दोन्हीकडे ‘वुड हॅव’ लावतात. ‘इफ’च्या बाजूला ‘हॅड’ आणि तिसरं रूप, एवढं धरून ठेवा. आपल्या क्रियापदात: ‘इफ ही हॅड लेन स्टिल, द बेअर वुड हॅव गॉन अवे.’ निपचित पडून राहिला असता तर अस्वल निघून गेलं असतं. अस्वलाबद्दल खात्री नाही, व्याकरणाबद्दल आहे.

आणखी एक. लिहिताना ‘ही’ला चिकटवलेला नुसता ‘ड’ दिसतो, तो ‘हॅड’चाही असतो आणि ‘वुड’चाही. पुढे ‘लेन’ असेल तर हॅड, ‘लाय’ असेल तर वुड.

भूस्तर

‘होप’ आणि ‘मीन’बरोबर येणारं ‘हॅड’ कुणीच काढलं नाही. ‘आय हॅड मेंट टू कॉल यू’ म्हणजे फोन करायचं मनात होतं, पण झाला नाही. इथे दुसरा क्षण कोणता?

मूळधातू

तो बहुतेक वेळा न बोललेला असतो: बेत फिसकटला तो क्षण. ‘हॅड होप्ड’, ‘हॅड इंटेंडेड’, ‘हॅड मेंट’ यांत न झालेल्या गोष्टीची छटा येते. ‘आय होप्ड टू सी हर’ म्हटलं तर भेट झालीही असेल. ‘आय हॅड होप्ड टू सी हर’ म्हटलं की बहुधा राहून गेली. योगायोगाने इथे मराठी ‘होतं’ कामाला येतं: ‘फोन करायचा होता’ म्हटलं की केला नाही हे ऐकणाऱ्याला आपोआप कळतं. पण हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे, इथे ‘लाय’लाच धरून राहू.

अर्धविराम

सगळ्यांचे आभार. थोडा सराव केलाय, तपासून द्या.

‘द कॅट हॅड लेन ऑन द सोफा ऑल मॉर्निंग, सो इट वॉज वॉर्म.’
‘दे हॅड लेड द कार्पेट बिफोर वी मूव्ह्ड इन.’
‘शी हॅड लेड अवेक टिल डॉन अँड लुक्ड टायर्ड.’
‘आय हॅड लेन माय ग्लासेस समव्हेअर.’
‘व्हेन ही ओपन्ड द रूम, डस्ट हॅड लेन ऑन एव्हरीथिंग.’

खडूफळा

पहिलं उत्तम. दुसरंही बरोबर, ‘बिफोर’ आहे, तेव्हा नुसतं ‘लेड’ चाललं असतं.

तिसऱ्यात ‘लेन अवेक’ हवं. ती स्वतः जागी पडून होती, कुणाला ठेवलं नव्हतं. हे ‘लाय अवेक’ चुकायला फार सोपं आहे. चौथ्यात उलटं: चष्मा हे कर्म, म्हणून ‘लेड’. ‘समव्हेअर’ आणि सापडत नाहीये असा सूर असेल तर ‘मिसलेड’ जास्त नेमकं, आणि मग ‘समव्हेअर’चीही गरज नाही.

पाचव्यात रूप बरोबर, काळ खटकतो. खोली उघडली त्या क्षणी धूळ दिसली, तेव्हा ‘डस्ट ले ऑन एव्हरीथिंग’. ‘हॅड लेन’ ठेवायचं असेल तर किती काळ ते सांगा: ‘डस्ट हॅड लेन ऑन एव्हरीथिंग सिन्स द लास्ट टेनंट लेफ्ट.’

प्रूफवाला

पाचव्यात ‘हॅड सेटल्ड’ही बसेल, आणि कालावधी न सांगता. धूळ बसणं ही आधी घडून गेलेली क्रिया आहे, धूळ पडून असणं ही त्या क्षणीही चालू असलेली स्थिती.